कारवारच्या समुद्रात कयाक : आधी कागदावर

बेंगळुरूला समुद्र नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर राहतो आणि वल्हे हातात धरायला शिकतो ते तलावावर. तलावाची एक चांगली गोष्ट अशी, की त्याला दुसरा काठ असतो. दमलात, वारा सुटला, वल्हे हातातून गेले, तरी थोड्या वेळाने कुठल्यातरी काठाला लागताच. समुद्रालाही दुसरा काठ आहे, पण कारवारहून निघालात तर तो अरबस्तानात आहे.

हिवाळी साहस शिबिरासाठी कारवारचे नाव निघाले, तेव्हा नकाशावाचनाच्या वर्गात आमच्या सेक्शनला एक स्वाध्याय मिळाला. आठ कॅडेटांना कयाकमधून समुद्रावर न्यायचे आणि आठही परत आणायचे, याचा आराखडा करा. हा लेख त्या स्वाध्यायाचा आहे. ज्यांना पुढे कधी असा बेत आखायचा आहे त्यांना तो उपयोगी पडेल आणि ज्यांना संमतीपत्रावर सही करायची आहे त्या पालकांनाही.

प्रथम जागा. कारवार उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेला लागून आहे. तिथे कोकणी, मराठी आणि कन्नड तिन्ही कानांवर पडतात, त्यामुळे मासेमारांशी बोलायला आपल्याला अडचण नाही. उपसागर म्हटला की आपल्याला बंगालचाच आठवतो, पण किनाऱ्याने आत घेतलेला बाक लहान असला तरी तो उपसागरच. कारवारचा बाक पश्चिमेकडे तोंड करून आहे. दक्षिण टोकाला डोंगराच्या कुशीत बैतकोलचे बंदर, मधे रवींद्रनाथ टागोरांच्या नावाची लांब पुळण आणि उत्तरेला काळी नदीचे मुख. नदीपलीकडे सदाशिवगडाची टेकडी. समोर पाण्यात बेटे : कूर्मगड, दीपगृह असलेले देवगड आणि आणखी काही. बंदराच्या पलीकडे दक्षिणेला नौदलाचा आयएनएस कदंब हा तळ आहे, तिकडचे पाणी आपल्यासाठी बंद. सैनिकी शाळेच्या मुलांना हे दोनदा सांगावे लागू नये.

नकाशा टेबलावर पसरला की सगळ्यांचे बोट आधी कूर्मगडावर जाते. बेट आहे, वर गड आहे, नरसिंहाचे देऊळ आहे, फोटो छान येतील. किनाऱ्यापासून अंतरही फार वाटत नाही, नकाशावर दोन बोटे. पण याच पाण्यात २१ जानेवारी २०१९ रोजी कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी यांत्रिक होडी उलटली आणि १६ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुले होती. होडीत जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, असे तेव्हा बातम्यांत आले होते. तो जानेवारी महिना होता, पावसाळा नव्हता. जत्रा पौष पौर्णिमेची, म्हणजे उधाणाचा दिवस. आणि दुर्घटना जाताना नाही, परतताना झाली. या तीन गोष्टी आम्ही वहीत लिहून ठेवल्या, कारण पुढचा सगळा आराखडा याच तीन गोष्टींभोवती फिरतो : मोसम, तिथी आणि परतीचा रस्ता.

कूर्मगड आराखड्यातून गेला. पहिल्या सफरीसाठी बेट नको. बेटाकडे जाताना दोन्ही बाजूंना उतरायला जमीन नसते आणि मधेच एखाद्याचे हात गळाले तर पुढे आणि मागे अंतर सारखेच. किनाऱ्याला समांतर गेलात तर कधीही नव्वद अंशांत वळून पुळणीला लागता येते. आमच्यातल्या काही जणांना हे मिळमिळीत वाटले. त्यांच्यासाठी पुढची हकिकत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर आहे. २२ मार्च १९९३ रोजी सकाळी प्लिमथमधल्या एका शाळेची आठ मुले, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक असे अकरा जण लाइम रीजिसहून चारमथकडे कयाकने निघाले. मुले सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम मोठी. अंतर साधारण तीन किलोमीटर. दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचायचे होते. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटू लागली. त्यांना सावरायला एक प्रशिक्षक मागे थांबला. दुसऱ्याने आठही मुलांच्या कयाक एकमेकींना धरून एक तराफा केला आणि वाट पाहत राहिला. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. दोन्ही गट एकमेकांना दिसेनासे झाले. मुलांचा तराफा आत समुद्रात सरकत गेला, लाटा मोठ्या झाल्या, कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती जे आवरण लावतात ते नव्हते, त्यामुळे एकेक कयाक भरत गेली. संध्याकाळी बचावपथक पोहोचेपर्यंत मुले कित्येक तास गार पाण्यात होती. चार जण वाचले नाहीत.

यात मला सर्वांत लागलेली गोष्ट लाटांची नाही. किनाऱ्यावर ज्यांना माहीत होते की गट दुपारी बारापर्यंत यायचा आहे, त्यांच्याकडून तटरक्षकांना खबर गेली ती दुपारी तीननंतर. तीन तास कोणीतरी 'येतीलच आता' म्हणत राहिले. आणखी एक. आदल्या वर्षी त्या केंद्रातून बाहेर पडलेल्या एका प्रशिक्षिकेने केंद्रप्रमुखाला पत्र लिहून सुरक्षिततेबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. पत्र वाचले गेले आणि बाजूला राहिले. पुढे खटला झाला, केंद्रप्रमुखाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांच्या साहस केंद्रांसाठी वेगळा कायदा केला. आज तिकडे अशी केंद्रे चालवायची तर सुरक्षिततेचे जे नियम पाळावे लागतात, त्यांचे मूळ या दिवसात आहे.

म्हणजे अकरा जणांचा गट होता, दोन प्रशिक्षक होते, लहानसे अंतर होते. गट असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. उलट एकाची अडचण गटाचे दोन तुकडे करते आणि तुकडे झाल्यावर कोणाकडेच पुरेशी माणसे उरत नाहीत. म्हणून आमच्या आराखड्याची पहिली ओळ अशी आहे : एकाची सफर थांबली की सगळ्यांची थांबली, आणि तोंड पुळणीकडे.

आता वारा. सातवी-आठवीच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा प्रश्न कारवारच्या पुळणीवर जीवनमरणाचा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी पूर्वेकडून मतलई वारा असतो. पुळणीवर उभे राहिले तर तो जाणवतही नाही, कारण मागची झाडे आणि घरे त्याला अडवतात. किनाऱ्याजवळचे पाणी ताटासारखे सपाट दिसते. अशा पाण्यावर नवशिक्या माणसाला वाटते, आज काय मस्त दिवस आहे. आत शंभर-दोनशे मीटर गेल्यावर आडोसा संपतो आणि तोच वारा पाठीवर हात ठेवून तुम्हाला आणखी आत नेऊ लागतो. जाताना श्रम कमी पडतात, म्हणून वाटते आपण छान वल्हवतो आहोत. वळल्यावर खरा हिशेब कळतो. लाइम बेमध्ये वारा याच दिशेचा होता, जमिनीकडून समुद्राकडे.

उन्हे वर आली की चित्र उलटते. अकराच्या पुढे पश्चिमेचा, बऱ्याचदा वायव्येचा वारा सुरू होतो, पाण्यावर पांढरा फेस दिसू लागतो. हा दिसायला भीतिदायक, पण ढकलतो तो किनाऱ्याकडे. त्याचा धोका वेगळा : पुळणीवर फुटणाऱ्या लाटा मोठ्या होतात आणि उतरताना कयाक आडवी होऊन उलटते. थोडक्यात, सकाळचा वारा गोड बोलून लांब नेतो आणि दुपारचा ओरडून घरी आणतो. आम्ही सकाळ निवडली, पण किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत राहण्याच्या अटीवर, आणि साडेदहाच्या आत सगळे पुळणीवर हवेत या अटीवर.

वायव्येच्या वाऱ्याचा इथला एक जुना दाखलाही आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. ही त्यांची समुद्रमोहीम. परतीत गोकर्ण, अंकोला करत ते कारवारकडे आले. वायव्येच्या जोरदार वाऱ्यामुळे आरमाराला बरेच दिवस परतता आले नाही, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात लिहिले आहे. ज्यांच्या मागे आरमार होते तेही वाऱ्यासाठी थांबले. आपल्या मागे प्लास्टिकच्या चार कयाक आहेत.

वाऱ्याचा आकडा ठरवणे अवघड होते. बोफर्ट मापनश्रेणीत तिसरी पायरी म्हणजे ७ ते १० नॉट आणि चौथी ११ ते १६ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. चौथ्या पायरीला ठिकठिकाणी पांढरा फेस दिसतो. आम्ही १० नॉटला रेघ मारली. हवामान खात्याचा अंदाज त्याच्या वर असेल तर सफर नाही. अंदाज कमी असेल पण डोळ्यांना पांढरा फेस दिसत असेल, तरी सफर नाही. दोघांत जो जास्त घाबरट, त्याचे ऐकायचे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी असे दोनदा पाहायचे. कारण लाट नेहमी जवळच्या वाऱ्याचीच असते असे नाही. दक्षिण हिंदी महासागरात उठलेली लाट हजारो किलोमीटर प्रवास करून निरभ्र दिवशी आपल्या पुळणीवर येऊन आदळते.

मोसमाबद्दल फार लिहायला नको. कर्नाटक किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि आमच्या आजोळी कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते ज्या महिन्यांत होड्या ओढून ठेवतात, त्या महिन्यांत शाळेच्या सहलीने जायचे कारण नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी विजा होतात. राहिले डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

आता भरती-ओहोटी. हा भाग मला सर्वांत आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. कारवार दक्षिणेला असल्यामुळे तिथे भरती ढोबळमानाने तासभर आधी येते. खरा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायचा, पण दिवस निवडायला तिथीचा हिशेब पुरतो.

आम्हाला भरतीची काळजी का, तर काळी नदीमुळे. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, कारवारला त्याच्या निम्म्यानेही नाही. त्यामुळे पुळणीलगत फारसा ओढ नसतो. पण नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी आणि नदीचे पाणी एकत्र होऊन समुद्राकडे धावते. त्यात सापडलेली कयाक सरळ बेटांच्या दिशेने जाईल. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक असे ढोबळ प्रमाण धरतात. म्हणजे मधले दोन तास सर्वांत वाईट.

इथे एक गंमत दिसली. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, कारवारला सकाळी आठ-नऊला भरती चालू असते. पाणी नदीच्या आत जात असते, ही चांगली गोष्ट, पण जोर मोठा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जोर कमी, पण सकाळी आठ-नऊला ओहोटी चालू, पाणी बाहेर जात असते. दोन्हीकडून थोडे बरे आणि थोडे वाईट. सेक्शनमध्ये यावर बराच वाद झाला. शेवटी मधला दिवस निघाला : पंचमी. पाच पाऊण पावणेचार, त्यातून तास वजा, म्हणजे पावणेतीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आठला निघालो तर ओहोटीचा शेवटचा मंद तास मिळतो, उत्तर टोकाशी पोहोचेपर्यंत पाणी जवळजवळ थबकलेले असते आणि परतताना भरती लागलेली असते. कोणी म्हणेल, एवढासा फरक. मी म्हणेन, फुकट मिळतो तर का घेऊ नये.

तरीही नदीच्या मुखाशी जायचे नाहीच. तिथे प्रवाह आहे, मासेमारी होड्यांची ये-जा आहे आणि थोडे आत पुलाचे खांब आहेत. ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री काळीवरचा जुना पूल कोसळला होता, हे वाचकांना आठवत असेल. वाहत्या पाण्यातला खांब कयाकला चिकटवून ठेवतो, त्यातून सुटणे अवघड. म्हणून मुखाच्या एक किलोमीटर अलीकडे किनाऱ्यावर ठळक लाल झेंडा, आणि तिथून वळायचे. दक्षिणेला तशीच दुसरी हद्द, बंदराच्या वाटेच्या बरीच अलीकडे.

वेळेचे गणित असे मांडले. जाण्याचे अंतर दोन किलोमीटर. सपाट पाण्यावर आमच्यातले चांगले वल्हवणारे ताशी पाच किलोमीटर जातात, पण गट सर्वांत हळू माणसाच्या वेगाने जातो, म्हणून ताशी तीन धरले. जायला चाळीस मिनिटे. परतताना वेग निम्मा होईल असे धरायचे, दीड किलोमीटर, म्हणजे ऐंशी मिनिटे. दोन तास झाले. त्यात विश्रांतीची दहा मिनिटे आणि एखादी कयाक उलटली तर सावरायला वीस. एकूण अडीच तास. आठला निघून साडेदहा. म्हणजे पुरते, पण उरत नाही. यावरून वळण्याची वेळ ठरते : ८ वाजून ५० मिनिटे. त्या वेळी झेंडा गाठला असो वा नसो, वळायचे. झेंडा पन्नास मीटरवर दिसत असेल तरी. डोंगर चढणाऱ्यांनाही हा नियम ठाऊक असतो, शिखर समोर दिसत असताना घड्याळ पाहून परतणे.

साहित्याचे भराभर सांगतो. दोघांची, वर बसायची कयाक, चार नग. हिच्यात पाणी साठत नाही आणि उलटली तर पुन्हा चढता येते. तीन प्रशिक्षक एकेकट्या कयाकमध्ये. लाइफ जॅकेट मापाचे, पट्टे आवळलेले, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढले तर हनुवटीपर्यंत येऊ नये. जॅकेटला शिट्टी. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, प्रत्येकी दोन लिटर पाणी. लाइम बेमध्ये थंडीने घात केला, आपल्याकडे पाणी कोमट असते, आपला घात ऊन करते. प्रशिक्षकांकडे ओढदोर, प्रथमोपचार पेटी, वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल आणि सागरी व्हीएचएफ संच, चॅनल १६. शिवाय एक यांत्रिक होडी स्थानिक तांडेलासह, गटाच्या समुद्राकडच्या बाजूला. वारा जिकडे नेणार, तिकडे आधीच कोणीतरी उभे असावे.

सराव बेंगळुरूतच करायचा. उलसूर तलावाच्या काठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे, त्यामुळे त्या पाण्यावरच्या होड्या आपल्याला परक्या नाहीत. पण मुद्दाम उलटण्याचा सराव तिथे करण्यापेक्षा शाळेचा तरणतलाव बरा, ज्यांनी उलसूरचे पाणी जवळून पाहिले आहे त्यांना कारण कळेल. प्रत्येकाने जॅकेट घालून पन्नास मीटर पोहायचे, पाच मिनिटे तरंगायचे, उलटलेली कयाक सरळ करून जोडीदाराच्या मदतीने चढायचे, आणि हे दमल्यावर पुन्हा एकदा. ताजेतवाने असताना सगळेच चढतात.

पाण्यावरची रचना आपल्या मार्चसारखीच. पुढे एक प्रशिक्षक, त्याच्या लगेच मागे सर्वांत हळू जोडी, शेवटी दुसरा प्रशिक्षक, तिसरा समुद्राच्या बाजूला. हळू जोडी मागे ठेवली तर ती सतत पाठलाग करत राहते आणि विश्रांती पुढच्यांनाच मिळते. अंतर एवढेच, की न ओरडता बोललेले ऐकू यावे. एक लांब शिट्टी : थांबा, माझ्याकडे पाहा. तीन शिट्ट्या : मदत. दर दहा मिनिटांनी मोजणी. आणि एखाद्याला मदत करताना बाकीच्यांनी तराफा करून नुसते बसायचे नाही. तराफा वाऱ्याबरोबर सरकतो. बाकीच्यांनी पुढच्या प्रशिक्षकाबरोबर पुळणीवर उतरायचे आणि वाळूवर उभे राहून वाट पाहायची.

एक गोष्ट लिहायला सोपी आणि पाळायला कठीण आहे. आपल्या शाळेत 'मला जमणार नाही, सर' हे वाक्य कोणी सहज म्हणत नाही. पाच किलोमीटर धावताना पोटात कळ आली तरी कॅडेट धावतो आणि त्याबद्दल त्याची पाठ थोपटतात. जमिनीवर ते ठीक आहे, कारण जमिनीवर पडलेला माणूस पडलेल्या जागीच असतो. समुद्रावर गप्प राहिलेला दमलेला कॅडेट बाकी दहा जणांना आपल्याबरोबर धोक्यात नेतो. म्हणून आराखड्यात हे लेखी आहे : निघण्याआधी प्रत्येकाला एकट्याला, बाजूला घेऊन प्रशिक्षक विचारतील, जायचे आहे का? 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. तो किनाऱ्यावरच्या पथकात जाईल आणि कोण का थांबला याची चर्चा खोलीत होणार नाही. पाण्यावर कोणीही 'वळूया' म्हटले की वळायचे, मग म्हणणारा सर्वांत धाकटा असला तरी. सेक्शनमध्ये एकाने विचारले, एखादा उगाच म्हणाला तर? तर सगळ्यांचा एक तास वाया जाईल. एवढे नुकसान परवडते.

किनाऱ्यावरचे पथक म्हणजे उरलेल्यांची सोय नव्हे, हे काम मी स्वतः मागून घेतले आहे. एक शिक्षक, एक कॅडेट, दुर्बीण, घड्याळ आणि एक कागद. कागदावर वेळा आधीच लिहिलेल्या. ९ वाजता गट वळून येताना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर व्हीएचएफवर विचारणा. साडेदहाला सगळे पुळणीवर. पावणेअकरापर्यंत आले नाहीत आणि संपर्क नाही, तर भारतीय तटरक्षक दलाला १५५४ वर फोन, त्यानंतर किनारी सुरक्षा पोलिसांना १०९३ वर. किती माणसे, कयाकचा रंग, शेवटचे कुठे आणि किती वाजता दिसले, वाऱ्याची दिशा, हे सगळे त्याच कागदावर भरून तयार. फोन करण्यासाठी कोणाची परवानगी घ्यायची नाही. पावणेअकराला फोन केला आणि अकराला गट हसत आला, तर तटरक्षक दलाची माफी मागायची आणि आभार मानायचे.

पालकांसाठी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीला गेलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यांच्याही घरी संमतीपत्र आले असेल आणि कोणीतरी सही केली असेल. आमचे बाबा अशा पत्रावर दाराशी उभ्याउभ्याच सही करतात, शाळेवर विश्वास आहे म्हणून. या वेळी मी त्यांना आराखड्याची प्रत पाठवली आणि चार प्रश्न शाळेला विचारा म्हटले : प्रशिक्षकांना समुद्रावर गट नेण्याची पात्रता आहे का, की फक्त तलावावर? वाऱ्याची मर्यादा किती आणि ती कोण मोजणार? किनाऱ्यावर घड्याळ घेऊन कोण उभे आहे? आणि सफर रद्द झाली तर मुलांसाठी त्या दिवशी दुसरे काय ठरले आहे? शेवटचा प्रश्न बाबांना विचित्र वाटला. पण दुसरे काहीच ठरलेले नसेल तर पाचशे किलोमीटर आलेल्या मुलांना 'आज नाही' म्हणणे प्रशिक्षकांना फार जड जाते. आमच्या आराखड्यात दुसरा बेत सदाशिवगड चढण्याचा आहे.

रात्रभर रेल्वेने प्रवास करून त्याच सकाळी पाण्यात उतरायचे नाही. पहिला दिवस रेकीचा. बंदर खात्याची परवानगी आणि तटरक्षक दलाला पूर्वसूचना हे आधीच झालेले असेल. त्या दिवशी पुळणीवरच्या मासेमारांकडे जायचे. कारवारला रापण ओढतात : होडीतून जाळे लांब सोडून दोन्ही टोके पुळणीवरून पंचवीस-तीस माणसे ओढतात. ते दोर पाण्याखाली दिसत नाहीत आणि आमचा मार्ग बरोबर त्यांच्यावरून जातो. तेव्हा काकांना विचारायचे की उद्या रापण कुठे आणि किती वाजता लावणार, खडक कुठे लपलेले आहेत, लाट कुठे फुटते, आणि उद्या ते स्वतः समुद्रावर जाणार आहेत का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर सदाशिवगड.

आराखड्यात तारखेची जागा अजून रिकामी आहे. जानेवारीतल्या दोन पंचमींवर पेन्सिलने खूण केली आहे.